फुगवण

शेडमधल्या फळीवर औषधांच्या बाटल्या उभ्या असतात. भुरीची, डाउनीची, करप्याची, मिलीबगची. सगळ्यांत शेवटी, भिंतीला टेकून, पाच लिटरचा एक काळा कॅन असतो. त्याचं झाकण फिरवलं की तासगावात समुद्र येतो.

कॅनमधला रस काकवीसारखा दाट, काळसर तपकिरी. वास मात्र ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या खडकांचा, सुकटीच्या रिकाम्या पोत्याचा. डिसेंबरच्या थंडीत माझे धाकटे दीर तांबडं फुटायच्या आत ब्लोअरच्या टाकीत पाणी सोडतात, लिटरला दोन मिली या हिशेबानं रस मोजून ओततात आणि काठीनं ढवळतात. हात धुतला तरी तो वास दुपारच्या भाकरीपर्यंत बोटांना असतो.

"वैनी, आज सीवीड मारून घेतो," ते म्हणतात. "मण्यात पाणी उतरायच्या आत फुगवण मिळाली पायजे."

फुगवण हा आमच्या भागातला मोठा शब्द आहे. द्राक्षाची ऑक्टोबरची छाटणी झाली, डोळे फुटले, घड बाहेर पडले, फुलोरा गेला आणि ज्वारीएवढा मणी धरला, की पुढचे दोन महिने घरात दुसरा विषय नसतो. विरळणी, जीए या संजीवकाचं डिपिंग, पाण्याची पाळी, सगळं फुगवणीसाठी. एक्सपोर्टला माल द्यायचा तर मणी निदान सोळा मिलिमीटरचा पाहिजे, अठराचा झाला तर उत्तम. ते मोजायला गोल भोकांची एक प्लास्टिकची पट्टी असते. भोकातून मणी सहज पडला की दिरांचा चेहरा पडतो. अडकला की त्यांना चहा गोड लागतो.

असल्याच एका डिसेंबरात सांगलीच्या एका दवाखान्यात दुसरी एक पट्टी माझ्या पोटाभोवती फिरली. शिंप्याची असते तसली, पिवळी. "त्र्याण्णव," नर्सबाई म्हणाल्या. डॉक्टरांनी कागदावरून डोळे न काढता सांगितलं, की आपल्याकडच्या बायकांची कंबर ऐंशी सेंटिमीटरच्या आत हवी, पुरुषांची नव्वदच्या. थायरॉइडची गोळी चालू ठेवा, चाला, साखर कमी करा. बागेत जी फुगवण व्हावी म्हणून सगळं घर राबत होतं, ती माझ्या देहानं कुणी न मागता करून ठेवली होती.

मुलगी पुण्याहून आली ती एक चपटं पाकीट घेऊन. आत वाळलेल्या काळ्या चुऱ्यासारखं काहीतरी. "आई, हे वाकामे. समुद्राचं शेवाळ. जपानी लोक सूपमध्ये घालतात. फंक्शनल फूड आहे, वजन वाढू देत नाही म्हणतात." मी पाकीट फोडलं, नाकाशी नेलं आणि मला हसू आवरेना. शेडमधला कॅनच तो! मुलगी चिडली. तिला सांगितलं, बाई गं, द्राक्षाचा मणी फुगावा म्हणून आम्ही जे मारतो, तेच तू मला फुगू नये म्हणून खायला आणलंस.

हसले खरी, पण ती गोष्ट डोक्यातून जाईना. एकच वस्तू दोन विरुद्ध कामं कशी करते?

बागेतलं उत्तर सोपं निघालं. कॅनमधला रस बहुधा उत्तर अटलांटिकच्या थंड खडकांवर वाढणाऱ्या अस्कोफायलम नावाच्या तपकिरी शेवाळाचा असतो, नाहीतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या कप्पाफायकस या तांबड्या शेवाळाचा. हे दुसरं मंडपम आणि रामेश्वरमच्या बाया पिकवतात. बांबूच्या तराफ्यावर दोऱ्या ताणायच्या, दोरीला शेवाळाचे तुकडे बांधायचे आणि तराफा उथळ पाण्यात सोडायचा. दीड महिन्यात पीक तयार. ओलं शेवाळ पिळून त्याच्या रसाचं खत करायची रीत भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेनं बसवली. बांबू, ताणलेल्या दोऱ्या, बांधणी, हातांच्या पेरांना पडणाऱ्या चिरा: वर्णन ऐकताना मला आमचाच मांडव दिसत होता, फक्त पाण्यात बुडालेला. त्या रसात वाढीला हुकूम देणारी द्रव्यं असतात, आणि उन्हाचा, पाण्याचा ताण सोसायला वेलीला बळ देणारीही. वेल घटकाभर समुद्राची होते आणि तरतरते.

माणसाच्या पोटातली गोष्ट वेगळी. ती मला एका वाडग्यात दिसली.

चिमूटभर वाकामे मी रात्री पाण्यात टाकलं. चहाच्या चमच्यात मावेल एवढंच. पाच मिनिटांनी बघते तर वाडगा भरून हिरवीगार पानं तरंगत होती, कुठलं वाळवण आणि कुठलं काय! बोटात धरलं तर निसटलं. भेंडी चिरल्यावर सुरीला लागतो तसा बुळबुळीतपणा. सगळी करामत या बुळबुळीत आहे. वाकामेसारख्या तपकिरी शेवाळाच्या अंगात अल्जिनेट नावाचा तंतू असतो. पोटातल्या आम्लात त्याचा दाट, चिवट गोळा होतो. पोटाला वाटतं, जेवण झालं. आतड्यात साखर आणि चरबी सावकाश झिरपते. स्वतः तो तंतू मात्र आपल्याला जवळजवळ काहीच देत नाही. जागा अडवतो, भाडं भरत नाही, आणि त्याचं न भरणंच आपल्या कामाचं.

अशा अन्नाला काम करणारं अन्न म्हणायची कल्पना जपानात १९८० च्या दशकात निघाली. भूक भागवणं आणि चव देणं यांपलीकडे अन्नाचं तिसरंही काम असतं, रोग लांब ठेवायचं, असं तिथल्या संशोधकांनी मांडलं, आणि १९९१ साली सरकारनं अशा पदार्थांना मान्यता द्यायची पद्धत सुरू केली. पुढं २००५ मध्ये होक्काइडो विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की वाकामेतल्या फ्युकोझॅन्थिन या नारिंगी-तपकिरी रंगद्रव्यामुळं उंदरांच्या पोटावरची चरबी कमी होते. साठवणीची चरबी उष्णता होऊन जळायला लागते. उंदीर बारीक झाले. माणूस मात्र उंदराएवढा सरळ नसतो. कोपनहेगनमध्ये २०१२ साली लठ्ठ माणसांना बारा आठवडे मोजकं जेवण दिलं आणि त्यांतल्या निम्म्यांना जेवणाआधी अल्जिनेटचं पेय. शेवटपर्यंत टिकलेल्यांत पेय घेणाऱ्यांचं वजन सरासरी पावणेसात किलोंनी उतरलं, इतरांचं पाच किलोंनी. मध्येच सोडून गेलेल्यांना धरून हिशेब केला तर फरक ठामपणे सांगण्याजोगा उरला नाही. म्हणजे शेवाळानं हात दिला तो चिकाटी असलेल्यांना. पाच किलो तर मोजून खाल्ल्यानंच गेले होते.

आणि माझ्यासारखीला एक काटाही होता. शेवाळ समुद्रातलं आयोडीन गोळा करून ठेवतं. इतकं, की आयोडीन हे मूलद्रव्य जगाला पहिल्यांदा सापडलं तेच शेवाळाच्या राखेत, १८११ साली फ्रान्समध्ये. माणसाला दिवसाला दीडशे मायक्रोग्रॅम पुरतं. कोम्बूसारख्या जाड शेवाळाचे एक-दोन ग्रॅमही त्याच्या कितीतरी पुढं जातात. थायरॉइडची गोळी घेणाऱ्या बाईनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे रोज खाऊ नये. मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "वाकामे कधीमधी, चिमूटभर. कोम्बूच्या नादी लागू नका."

याहून जास्त मला अडकवून ठेवलं ते एका वेगळ्याच शोधानं. २०१० साली फ्रान्समधल्या संशोधकांना असं आढळलं, की जपानी माणसांच्या आतड्यातल्या जिवाणूंकडे नोरी या शेवाळाचा तंतू तोडायची हत्यारं आहेत, आणि ती मुळात समुद्रातल्या जिवाणूंची आहेत. पिढ्यान्‌पिढ्या कच्चं शेवाळ खाताना त्यावर बसून आलेल्या समुद्री जिवाणूंनी पोटातल्या जिवाणूंना ती विद्या दिली. ज्या अमेरिकी माणसांशी तुलना केली, त्यांच्यात ती सापडली नाही. हे वाचलं आणि मी पोटावर हात ठेवून बसले. माझ्या आतड्यात कोणाची विद्या असेल? ज्वारीची, हुलग्याची, मटकीची, लसणाच्या चटणीची. माणूस जे खातो ते एकटा खात नाही. सोबत सगळं गाव पंक्तीला बसलेलं असतं, आणि त्या गावाला परका पाहुणा ओळखायला वेळ लागतो.

समुद्र आमच्या सांगली-साताऱ्यापासून तसा लांब नाही. महाबळेश्वरात कृष्णा उगवते तिथून अरबी समुद्र जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटर. पण तिनं पाठ फिरवली आणि चौदाशे किलोमीटर चालत बंगालचा उपसागर गाठला. वाटेत कराडला कोयना तिला भेटते, पण सगळी भेटत नाही. कोयना धरणातलं बरंच पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीकडे पडतं, जनित्रं फिरवतं आणि वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला जातं. म्हणजे साताऱ्यावर पडलेल्या पावसाचा एक वाटा अरबी समुद्राचं शेवाळ भिजवतो. आपण पाणी देतो आणि कॅन विकत घेतो.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी आम्ही मालवणला गेलो होतो. ओहोटीला खडकांवर तपकिरी झुबके पसरले होते, आणि प्रत्येक झुबक्याला वाटाण्याहून लहान, गोल, पोकळ मणी. मी एक दाबला, टच्‌ करून फुटला. ते सरगॅसम होतं हे पुष्कळ वर्षांनी कळलं. पोर्तुगीज खलाशांना त्या मण्यांत द्राक्षं दिसली आणि त्यावरूनच हे नाव पडलं, असं सांगतात. जपानच्या ओकिनावा बेटावर तर हिरव्या मण्यांचं एक शेवाळ कच्चंच खातात, त्याचं नाव उमी-बुदो, समुद्राची द्राक्षं. मालवणात तो झुबका हातात धरून मी यजमानांना म्हटलं होतं, "ह्याला विरळणी लागत नाही." ते म्हणाले, "आणि व्यापारी पण."

सरगॅसमचे मणी कशानं फुगतात? हवेनं. त्या हवेवर सगळं शेवाळ उजेडाकडे उचललं जातं. द्राक्षाचा मणी फुगतो तो खरं तर पाखरासाठी, बी लांब न्यावं म्हणून. बी आपण कधीच काढून टाकलं, फुगवण तेवढी ठेवली. मग माणूस कशासाठी फुगतो?

याचं उत्तर माझ्या माहेरी, माण तालुक्यात आहे. साताऱ्याचा हा पूर्व भाग सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीत पडलेला. आजी ७२ च्या दुष्काळाबद्दल बोलायची तेव्हा पदार्थांच्या नावांनी बोलायची: सुकडी, मिलोची तांबडी भाकरी. दुष्काळी कामावर खडी फोडायला जाताना तिच्या पोटात माझा धाकटा काका होता. तो आज पन्नाशीच्या पुढं, हातपाय काटकुळे, पोट मात्र पुढं, साखर गेल्या पंधरा वर्षांची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांची बाळं वर्षानुवर्षं पाहिली. त्यांना दिसलं, की आपली नवजात बाळं वजनानं हलकी असतात, तरी चरबी धरून जन्माला येतात. बारीक दिसणारी लठ्ठ माणसं. त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापलेला एक जोडफोटो प्रसिद्ध आहे. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. वजनकाट्याला दोघं सारखेच. माझ्या काकाकडे बघून मला ते शास्त्र पाठ झालंय. उपाशी आईच्या पोटातला जीव पुढच्या दुष्काळाची बेगमी करूनच बाहेर येतो. मग दुष्काळ येत नाही. ऊस येतो, कारखाना येतो, भडंग येतं, सातारी कंदी पेढे येतात, आणि बेगमी पोटावर तशीच राहते.

आजीकडे त्यावर औषध होतं, पण ते औषध आहे हे तिला ठाऊक नव्हतं. तिला ती गरिबी वाटायची. हुलगे दळून त्याच्या पिठाच्या ती शेंगोळ्या करायची. पिठात लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण, मीठ, हळद. घट्ट मळून दोन तळव्यांत वळायची, करंगळीएवढ्या, आणि उकळत्या आधणात एकेक सोडायची. पाणी दाटून आलं की झालं. चार शेंगोळ्या आणि वाटीभर पाणी प्यालं की संध्याकाळपर्यंत पोट कुरकुरत नसे. "दडपून बसतंय," ती म्हणायची. "बैलाला घालत्यात ते माणसाला का घालू नये?"

चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल माणसाचं वर्णन आहे. त्याला खायला काय द्यावं? पचायला जड, पण पोसणार नाही असं. जव, मूग, कोद्रू आणि हुलगे ही नावं तिथं आहेत. अल्जिनेटचा सगळा कारभार त्या एका सल्ल्यात मावतो: पोटाला जड, अंगाला हलकं. जपान्यांनी हे समुद्रात शोधलं, माणदेशानं माळावर. समुद्र नसलेल्या मुलखाचं शेवाळ म्हणजे हुलगा, असं मी मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, हे पाकिटावर छाप, खपेल."

शेवाळ आपल्याकडे नाही असं मात्र मला आता म्हणवत नाही. ते नेहमी मागच्या दारानं आलंय. माझ्या सासूबाई उपासाला चायना ग्रासची दुधाची वडी करायच्या. ते तांबड्या शेवाळातून काढलेलं अगर-अगर. लग्नातल्या आइस्क्रीमला जो गुळगुळीतपणा असतो, त्यात कॅरागिनन असू शकतं, तेही शेवाळाचं. १८८१ साली जर्मनीत फॅनी हेस नावाच्या बाईनं, उन्हाळ्यातही वितळत नाही म्हणून आपल्या स्वयंपाकघरातलं अगर नवऱ्याच्या प्रयोगशाळेसाठी सुचवलं, आणि जिवाणूंचं सगळं शास्त्र त्या जेलीवर उभं राहिलं. शेजारच्या शेतातली केळीची टिश्यू कल्चरची रोपंही लहानपणी तसल्याच जेलीवर वाढलेली असतात. आपण शेवाळ खातो ते साखरेत घालून, आणि रानाला घालतो ते मण्यात साखर उतरावी म्हणून. सरळ ताटात वाढून घ्यायची पाळी आली की मग पाकीट, इंग्रजी आणि किंमत.

तरी मी ते वाढलं. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी शेंगोळ्या केल्या, आणि शेवटच्या उकळीला भिजवलेल्या वाकामेची चार पानं बारीक चिरून टाकली. लसणाच्या वासाखाली समुद्राचा वास आधी दबला, मग बाजूनं हळूच वर आला. सासूबाईंनी वाटी नाकाशी नेली. त्यांचं वय ऐंशीच्या पुढं, अंगावर चिमटीत धरायला मांस नाही.

"आगं, ह्यो तर बागंचा वास हाय," त्या म्हणाल्या. "औषध पडलं का काय ह्यात?"

"औषधच आहे, आत्या. माझ्या पोटावरचं."

त्यांनी एक शेंगोळी मोडली, खाल्ली, पाणी प्यायल्या. पान मात्र बोटांनी वेगळं काढून ताटाच्या कडेला ठेवलं. मी माझ्या वाटीतलं खाल्लं. बुळबुळीत, किंचित खारट, वाईट नव्हतं. मला शेंगोळी पोटात बसल्याचं कळलं. पानाचं काही कळलं नाही. कदाचित माझ्या आतलं गाव अजून त्याला बाहेरच थांबवून विचारत होतं, कुठून आलात, कोणाकडे उतरलात.

पाकीट आता डब्याच्या मागं आहे, क्लिप लावून. महिन्यातून एखादे वेळी उघडते. हुलगे मात्र वाण्याच्या यादीत परत आलेत, आणि संध्याकाळी मी बागेच्या बांधावरून दोन फेऱ्या मारते. पट्टी एक्क्याण्णवावर आलीय. यात शेवाळाचं किती आणि बांधाचं किती, हे मला वेगळं काढता येत नाही.

परवा दिरांनी मणी मोजायची पट्टी मागितली. टेबलाच्या खणात ती आणि माझी शिंप्याची पट्टी एकमेकींत गुंतून पडल्या होत्या. सोडवत बसले तेवढ्यात सासूबाई जवळ आल्या, प्लास्टिकची पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "हे कशाचं?" म्हणाल्या. मी सांगितलं. त्यांनी तर्जनी सोळाच्या भोकातून आरपार घातली. पेरसुद्धा अडलं नाही. ७२ साली खडी फोडलेलं बोट ते.

"बघ," त्या म्हणाल्या, "मी काय एक्सपोर्टला चालत न्हाई."